ईश्वरसाक्ष की दृढकथन: एका निवडीचा मागोवा

नव्या सभागृहाच्या सुरुवातीला प्रत्येक सदस्याला एकेकट्याने पुढे येऊन एक वाक्य म्हणावे लागते. त्या वाक्याचा नमुना राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिला आहे आणि त्याला सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणा, नाहीतर 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणा. पुढचा मजकूर सगळ्यांना सारखाच. कोणती वाट का धरली, हे सभागृहात कोणीही कोणाला विचारू शकत नाही.

ही निवड आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी नव्हती हेच विसरायला होते. तिच्यासाठी लोकांनी दंड भरले, कोठडी पाहिली, निवडून येऊनही वर्षानुवर्षे दाराबाहेर राहणे पत्करले. राजकारणातल्या सहिष्णुतेबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा सद्भावना, मनाचा मोठेपणा असे काहीतरी डोळ्यांपुढे असते. मला ती अशा रुक्ष तरतुदींमध्ये जास्त सापडते, कारण सद्भावना आटली तरी तरतूद टिकते.

शपथेचे मूळ भयात आहे. खोटे बोलशील तर तुझा देव तुला बघून घेईल, एवढाच तिचा अर्थ. म्हणून ज्याला ज्याचे भय त्याला त्याची शपथ घालायची. मराठेशाहीत बेलभंडार उचलून इमान दिले जाई, मुसलमान कुराणावर हात ठेवी. वतनाच्या तंट्यात पुरावा थिटा पडला तर उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य करावे लागे. या रीतीत एक प्रकारची उदारता होती, हे मान्य केले पाहिजे. समोरच्याला स्वतःचा देव सोडायला कोणी सांगत नव्हते. पण प्रत्येकाला कुठला ना कुठला देव असणारच, हे त्यात गृहीत होते.

हेच गृहीतक 1744 साली लंडनच्या न्यायालयात कसाला लागले, तेही एका हिंदी माणसाच्या दाव्यात. कलकत्त्याचा व्यापारी ओमीचंद आणि इंग्रज व्यापारी बार्कर यांच्यातला पैशांचा वाद तिथे चालू होता. ओमीचंदच्या बाजूच्या हिंदू साक्षीदारांच्या जबान्या कलकत्त्यात घेतल्या गेल्या होत्या, आणि त्यांनी शपथ घेतली होती ती ब्राह्मणाच्या पायाला हात लावून. ही शपथ धरायची की नाही? कोकसारख्या जुन्या कायदेपंडिताचे मत होते की ख्रिस्ती नसलेल्याची साक्षच घेऊ नये. लॉर्ड हार्डविक आणि त्यांच्या सोबतच्या न्यायाधीशांनी ते मत बाजूला सारले. शपथ ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीपासून जगात आहे. खोटे बोलणाऱ्याला शिक्षा करणारा देव साक्षीदार मानतो ना, मग त्याच्या रीतीने घेतलेली शपथ चालेल, असा निकाल झाला. या निकालाने परधर्मीयाला दार उघडले, पण अट घातली ती देव मानण्याची. नास्तिक बाहेरच राहिला.

त्याआधीच इंग्लंडमध्ये एका वेगळ्याच गटाने शपथेशी भांडण मांडले होते. क्वेकर पंथाचे लोक कमालीचे धर्मनिष्ठ. बायबलात येशूने शपथच वाहू नका असे सांगितले आहे, मग आम्ही ती कशी घ्यायची, हा त्यांचा प्रश्न. रोज खरे बोलणाऱ्याला न्यायालयापुरते वेगळे खरे बोलायला लावणे त्यांना अपमानाचे वाटे. त्यांनी छळ सोसला, आणि 1696 मध्ये त्यांना शपथेऐवजी दृढकथनाची मुभा देणारा कायदा मिळाला. संसदेच्या आत मात्र ही मुभा चालेना. 1698 मध्ये निवडून आलेला जॉन आर्चडेल हा क्वेकर शपथेला नाही म्हणाला आणि त्याची जागा गेली. जोसेफ पीझ या क्वेकराने दृढकथन करून संसदेत आसन घेतले ते 1833 साली. मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. म्हणजे आज आपण वापरतो तो पर्याय नास्तिकांनी शोधलेला नाही. फार देवभीरू माणसांनी तो प्रथम मिळवला.

मग एकेक धर्म दाराशी आला. कॅथलिकांचा नेता डॅनियल ओ'कॉनेल 1828 मध्ये आयर्लंडमधून निवडून आला. त्याला आत घ्यायचे तर आपल्या धर्माविरुद्ध बोलायला लावणारी शपथ काढावी लागणार होती, आणि 1829 च्या कायद्याने तसे झाले. ज्यूंची अडचण शपथेच्या शेवटच्या शब्दांत होती. 'ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेने' असे त्यांना म्हणावे लागे. लायनेल रॉथशिल्ड 1847 साली लंडनमधून निवडून आला, मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले, आणि तो आत बसला 1858 मध्ये, डोक्यावर टोपी ठेवून, ज्यूंच्या धर्मग्रंथावर शपथ घेऊन. मधल्या काळात निवडून आलेला आणखी एक ज्यू, डेव्हिड सॉलोमन्स, ते शब्द गाळून सरळ बाकावर जाऊन बसला होता. मतदानातही भाग घेतला. त्याला 500 पौंड दंड झाला.

खरी झुंज झाली ती चार्ल्स ब्रॅडलॉच्या वेळी. हा उघड नास्तिक, सभा गाजवणारा वक्ता, 1880 मध्ये नॉर्दम्प्टनहून निवडून आला आणि दृढकथन करू द्या म्हणाला. नकार मिळाला. मग शपथ घेतो म्हणाला. तेव्हा तुझा देवच नाही, तुझी शपथ कसली, म्हणून तीही नाकारली. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. जून 1880 मध्ये त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडले. जागा रिकामी ठरवली की नॉर्दम्प्टनचे मतदार त्यालाच निवडून देत. 3 ऑगस्ट 1881 रोजी तो सभागृहात शिरू लागला तेव्हा द्वारपाल आणि पोलिसांनी त्याला धरून जिन्यावरून ओढत बाहेर काढले. अंगावरचा कोट फाटला. त्याच्या बाजूने अर्ज घेऊन आलेले हजारो लोक जवळच उभे होते, त्यांच्यात ॲनी बेझंट होत्या. पुढे काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्याच.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे वागणे. ग्लॅडस्टन कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती. ब्रॅडलॉची मते त्यांना मनापासून नकोशी होती. तरी 1883 मध्ये दृढकथनाचे विधेयक त्यांनी आणले आणि त्यावर त्यांच्या आयुष्यातले एक गाजलेले भाषण केले. ज्यू आत आले तेव्हा शपथेतला ख्रिस्त गेलाच होता. उरली होती ती कुठला तरी देव माना एवढी अट. अशा पोकळ अटीने धर्माचे रक्षण होत नाही, उलट धर्माचे नाव पक्षीय वैरासाठी वापरले जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विधेयक 289 विरुद्ध 292 मतांनी पडले. अवघ्या तीन मतांनी. ब्रॅडलॉला अखेर 1886 मध्ये सभापतींनी कोणाला मधे बोलू न देता शपथ घेऊ दिली, आणि 1888 मध्ये त्यानेच आणलेला शपथांचा कायदा मंजूर झाला. ज्याला धर्मश्रद्धा नाही तो, आणि ज्याच्या धर्माला शपथ चालत नाही तो, दोघांनाही त्या कायद्याने दृढकथन करण्याचा हक्क दिला. क्वेकर आणि नास्तिक एकाच कलमात आले.

ब्रॅडलॉचे पुढचे पाऊल मुंबईत पडले. संसदेत तो हिंदुस्थानचे प्रश्न इतक्या नेटाने मांडी की त्याला 'हिंदुस्थानचा सदस्य' म्हणत. डिसेंबर 1889 मध्ये, मोठ्या आजारातून नुकताच उठलेला असताना, तो बोटीने मुंबईला आला आणि काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनात बोलला. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने 1889 भरली होती. सनातनी वैष्णव, पारशी, मुसलमान, प्रार्थनासमाजी अशा मंडळींनी एका जाहीर नास्तिकाचे मनापासून स्वागत केले. तेरा महिन्यांत तो गेला. त्याच्या अंत्यविधीला लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांत तरुण मोहनदास गांधीही गेले होते. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्याला देवाचे आकारमान विचारून छेडले, आणि ते ऐकून नास्तिकतेविषयी आपली नावड वाढलीच, असे गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. ही नावड आधीपासून होती, तरी ते अंत्ययात्रेला गेले होते. ब्रॅडलॉच्या मागोमाग, 1892 मध्ये, दादाभाई नौरोजी फिन्सबरीहून निसटत्या मताधिक्याने निवडून आले, आणि त्यांनी बायबलाऐवजी खोर्देह अवेस्तावर शपथ घेतली.

इकडे हिंदुस्थानातल्या न्यायालयांचा प्रवास थोडा वेगळा. गंगाजल हातात घ्यायला किंवा कुराण उचलायला प्रतिष्ठित लोक नाखूष असत. खरे बोलायचे असले तरी देवाला कचेरीत ओढणे त्यांना अमंगळ वाटे. 1840 च्या पाचव्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांसाठी या शपथा बंद केल्या आणि सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष दृढकथन आणले. 1873 चा आणि पुढे 1969 चा कायदा आला. हिंदी सिनेमात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो ते दृश्य पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनात बसले आहे, पण आजच्या कायद्यात कुठल्याही ग्रंथावर हात ठेवायची अट नाही.

घटना समितीपुढे ईश्वराच्या नावाचा विषय दोनदा आला, आणि दोन्ही वेळा ह. वि. कामत उभे राहिले. कामत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले, आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले. राष्ट्रपतीच्या शपथेच्या मसुद्यात ईश्वराचे नाव नव्हते. 27 डिसेंबर 1948 रोजी कामत आणि महावीर त्यागी यांच्या दुरुस्त्यांवर चर्चा झाली. आंबेडकर दोन्ही पर्याय ठेवायला तयार झाले. ज्या कर्तव्याला कायद्याचा धाक नाही, ते पाळायला काहींना ईश्वराचे बंधन लागते आणि काहींना सदसद्विवेक पुरतो, अशी त्यांची मांडणी होती. कोणते बंधन वरचढ, याच्या खोलात ते शिरले नाहीत. आस्तिकाला आपला देव मिळाला आणि दुसऱ्याचे काही गेले नाही.

17 ऑक्टोबर 1949 रोजी कामतांनी प्रास्ताविकेची सुरुवातच 'ईश्वराच्या नावाने' व्हावी अशी सूचना मांडली. या वेळी मात्र सभागृह अडखळले. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामाख्येचे लोक, देवीचे नाव का नको? पट्टम थाणू पिल्लै स्वतः श्रद्धाळू, पण श्रद्धेत सक्ती येते म्हणून त्यांनी विरोध केला. हृदयनाथ कुंझरूंना त्यात संकुचितपणा दिसला. पूर्णिमा बॅनर्जी कळवळून म्हणाल्या, देवाला मतदानाला लावू नका. कामत मागे हटले नाहीत. हात वर झाले तेव्हा बाजूने 41, विरुद्ध 68. विरोध करणाऱ्यांत देव मानणारे भरपूर होते. शपथ एकेकट्याची असते, म्हणून तिथे निवड ठेवता येते. प्रास्ताविका 'आम्ही भारताचे लोक' अशी सगळ्यांच्या तोंडून एकदम बोलते, तिथे निवड ठेवायला जागाच नाही. कामतांना त्या निकालाचे फार दुःख झाले आणि ते त्यांनी सभागृहातच बोलून दाखवले. पण त्यांना बोलायला पुरेपूर वाव मिळाला, मतदान नोंदले गेले, आणि त्यांच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवले नाही. 1949 च्या ऑक्टोबरात, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, ही चर्चा अशी होऊ शकली.

त्यानंतरचा इतिहास वापराचा आहे. तामिळनाडूत द्रविड चळवळीतून निघालेल्या दोन पक्षांपैकी एकाच्या स्टॅलिन यांनी 2021 मध्ये मुख्यमंत्री होताना दृढकथन केले, दुसऱ्या पक्षाच्या जयललिता देवाच्या नावाने शपथ घेत. 2001 मध्ये केरळच्या एका आमदाराने ईश्वराऐवजी श्रीनारायण गुरूंचे नाव घेतले. उच्च न्यायालयाने ती शपथ घटनेच्या नमुन्याला धरून नाही असे ठरवले. शपथेविना सभागृहात बसणाऱ्याला घटनेत दंड सांगितला आहे, दिवसाला 500 रुपये. सॉलोमन्सच्या पौंडांचा आकडाही तोच होता.

17व्या लोकसभेत, जून 2019 मध्ये, शपथेच्या मागेपुढे घोषणा सुरू झाल्या. कोणी आपल्या देवाचा जयजयकार केला, ते पाहून दुसऱ्याने आपल्या धर्माची घोषणा दिली. काही सदस्य शपथेसाठी उठून निघाले की बाकांवरून त्यांना उद्देशून घोषणा होत. 2024 मध्येही तेच झाले. हे मला अस्वस्थ करते, कारण शपथेतला देव हा त्या सदस्याचा आणि त्याच्या मनाचा प्रश्न म्हणून आत घेतला गेला होता, आणि घोषणा दिली जाते ती दुसऱ्याला ऐकवण्यासाठी. जुलै 2024 मध्ये लोकसभा अध्यक्षांनी निर्देशांत भर घातली, की सदस्याने शपथेच्या किंवा दृढकथनाच्या आधी वा नंतर कोणताही शब्द जोडू नये. तो शब्द जोडणाऱ्याला नेमके काय करायचे, याचा कस पुढची लोकसभा भरेल तेव्हा लागेल.