बागेंतील सौर दिवा : इतिहास व दुरुस्ती

दिवा लावणें आणि दिवा राखणें हीं दोन कामें आपल्या घरांत पूर्वीं वेगळीं मानलीं जात नसत. दिवेलागणीपूर्वीं कंदिलाची कांच राखेनें पुसावी, वातीची काजळी कातरावी, तेल पाहावें, आणि मगच काडी ओढावी, असा परिपाठ असे. दिवा मंद जळूं लागला म्हणून तो कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. वात पुढें सारली जाई. विजेचा दिवा आला आणि ह्या परिपाठाची गरज पुष्कळशी सरली. आतां बागेंत, अंगणांत, गच्चीच्या कठड्यावर जे लहान सौर दिवे खोंचलेले दिसतात, त्यांना तर काडीहि नको आणि बटणहि नको. ते सायंकाळीं आपोआप लागतात, पहाटे आपोआप विझतात. आणि वर्षा-दोन वर्षांनीं एके सायंकाळीं लागेनासे होतात. मग ते टाकून देण्यांत येतात. हा शेवट अटळ नाहीं, आणि तो कां अटळ नाहीं हें त्या दिव्याच्या इतिहासावरूनच उत्तम कळतें, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमच्या अंगणांत असे सहा दिवे होते. दुसरा पावसाळा सरला तेव्हां त्यांतील चार अंधारे झाले. ज्या दुकानांतून ते घेतले होते तेथें चौकशी केली, तों "हे दुरुस्त होत नसतात, नवे घ्या," असें उत्तर मिळालें. उत्तर देणाराचा स्वर इतका निःशंक होता कीं, तेवढ्यानेंच आमच्या मनांत शंका उत्पन्न झाली. घरीं येऊन एका दिव्याचे बारीक स्क्रू काढले. आंत चारच वस्तु निघाल्या : तळहाताहून लहान अशी सौर पट्टी, एक पेन्सिल सेल, नखाएवढी सर्किटची पाटी, आणि एक एल. ई. डी. ह्या चार वस्तूंचे जन्म वेगवेगळ्या काळीं व वेगवेगळ्या देशांत झालेले आहेत, आणि प्रत्येकीचें आयुर्मानहि निराळें आहे. दिवा बंद पडला म्हणजे चारी एकदम निकामी होत नाहींत. बहुधा एकच होते. ती कोणती हें ओळखणें ही दुरुस्तीची निम्मी विद्या होय.

प्रथम सौर पट्टीचा वृत्तांत पाहूं. इ. स. १८३९ सालीं फ्रान्समध्यें एदमों बेकेरेल ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणास असें दिसून आलें कीं, द्रावणांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यांवर प्रकाश पडला असतां वीज उत्पन्न होते. १८७३ सालीं विलोबी स्मिथ हा इंग्रज यंत्रज्ञ समुद्रतळाच्या तारायंत्राच्या कामांत गुंतला असतां, सेलेनियम ह्या मूलद्रव्यांतून प्रकाशांत वीज अधिक सुलभतेनें वाहते, असें त्यानें जाहीर केलें. १८७६ सालीं ॲडम्स व डे ह्या दोघांनीं, केवळ प्रकाशानेंच सेलेनियममध्यें वीज उत्पन्न होऊं शकते, हें दाखविलें. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें चार्ल्स फ्रिट्स ह्यानें सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सौर पट्टी बनविली. परंतु तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्साहि विजेच्या रूपानें हातीं लागत नसे. पुढें सत्तर वर्षें ही वस्तु बहुतेक कुतूहलाचा विषय म्हणूनच राहिली.

तिला कामाची वस्तु कोणत्या गरजेनें बनविलें, हें मात्र विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डॅरिल चेपिन ह्या संशोधकाकडे एक अगदीं रुक्ष व्यावहारिक काम आलें होतें. दूरच्या दमट प्रदेशांत टेलिफोनच्या यंत्रांस लावलेल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर नासत; त्यांना कांहीं पर्याय शोधावयाचा होता. चेपिननें आधीं सेलेनियम वापरून पाहिलें. तें पुरें पडेना. त्याच संस्थेंतील कॅल्व्हिन फुलर व जेरल्ड पिअरसन हे त्या वेळीं सिलिकनवर प्रयोग करीत होते. तिघांच्या श्रमांतून सिद्ध झालेली सिलिकनची पट्टी २५ एप्रिल १९५४ रोजीं लोकांपुढें मांडण्यांत आली. ती आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सुमारें ६ भागाची वीज करी. चार वर्षांनीं, १७ मार्च १९५८ रोजीं, व्हॅनगार्ड हा चिमुकला अमेरिकन उपग्रह अंतराळांत गेला. त्यावर दोन प्रेषक होते, एक बॅटरीवर चालणारा व दुसरा सौर पट्ट्यांवर चालणारा. पहिला त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मुका झाला. दुसरा १९६४ च्या मे महिन्यापर्यंत बोलत होता. बॅटरीच्या अल्पायुष्यामुळें जी वस्तु जन्मास आली, तिनें बॅटरीहून आपण किती चिवट आहों हें असें लवकरच सिद्ध केलें.

परंतु बागेंतील दिव्याची अडचण अशी कीं, त्याला सूर्य नसतांनाच जळावयाचें असतें. म्हणून ज्या बॅटरीस दूर सारण्यासाठीं सौर पट्टी निघाली, तिलाच पुन्हां तिच्या शेजारीं आणून बसवावें लागलें. पुनःपुन्हां भरतां येणारा निकेल-कॅडमियमचा घट स्वीडनमध्यें वाल्डेमार युंगनर ह्यानें १८९९ सालीं शोधला. आरंभींच्या सौर दिव्यांत तोच असे. कॅडमियम विषारी असल्यामुळें पुढें त्याची जागा निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलनें घेतली. हा सेल १९९० च्या सुमारास बाजारांत आला. सेल रोज दिवसा भरतो व रात्रीं रिता होतो, आणि प्रत्येक फेऱ्यांत त्याची धारणाशक्ति किंचित् घटते. वैशाखांतील तापलेली पेटी त्याला सोसत नाहीं. आषाढांतील ढगाळ दिवसांत तो पुरा भरतहि नाहीं, आणि तरी रात्र पडली कीं त्याला पार पिळून काढण्यांत येतें. शिवाय दमट हवा आंत शिरून स्प्रिंगवर व पत्र्यावर हिरवा-पांढरा गंज चढवते. सारांश, चेपिनपुढें जो प्रश्न होता, तोच आपल्या अंगणांत लहान प्रमाणावर पुन्हां उभा राहतो. दिव्याखालीं अंधार असतो अशी आपल्यांत म्हण आहे. येथें ती अक्षरशः खरी ठरते.

दिवा आपोआप लागण्याच्या युक्तीचा उगम समुद्रकिनाऱ्यावर आहे. दूरच्या खडकांवरील दीपगृहांत माणूस ठेवणें कठीण, आणि दिवसा वायु जाळणें हा निष्कारण खर्च. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन ह्यानें १९०७ सालीं ह्यावर 'सूर्यझडप' काढली. तिच्यांत एक काळी कांडी व कांहीं चकचकीत कांड्या असत. उन्हांत काळी कांडी प्रकाश शोषून अधिक लांबे व वायूची वाट बंद करी. अंधार पडतांच ती आंखडून वाट मोकळी होई. ह्या कामाबद्दल दालेनला १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं एका स्फोटांत त्याची दृष्टि गेली, हा दैवाचा विलक्षण खेळ. आजच्या बागेंतील दिव्यांत हें काम बहुधा सौर पट्टीच करते : तिच्याकडून येणारी वीज थांबली कीं पाटीवरील सर्किट दिवा सुरू करतें.

राहिली एल. ई. डी. निक होलोन्याक ह्यानें १९६२ सालीं तांबड्या उजेडाची एल. ई. डी. दाखविली. पांढरा उजेड मिळण्यासाठीं निळ्या एल. ई. डी. ची वाट पाहावी लागली. ती जपानी वंशाच्या आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांच्या परिश्रमांनीं साध्य झाली व त्याबद्दल त्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पांढऱ्या एल. ई. डी. ला सुमारें ३ व्होल्टचा दाब लागतो, आणि सेल देतो केवळ १.२. हें अंतर तारेचें एक लहानसें वेटोळें व एक इवलीशी चिप मिळून भरून काढतात.

ह्या इतिहासावरून दुरुस्तीचा क्रम सहज ठरतो : जी वस्तु अल्पायुषी, तिच्याकडे आधीं पाहावें. तत्पूर्वीं दोन साध्या गोष्टी तपासाव्या. दिव्याच्या पोटाशीं लहान बटण असल्यास तें चालू आहे कीं नाहीं पाहावें; आणि पट्टीवर हात झांकून पाहावा. हात झांकतांच दिवा लागला, तर दोष त्याचा नव्हे. जवळच्या रस्त्यावरील उजेडास तो दिवस समजत आहे. त्यानंतर पट्टी ओल्या मऊ फडक्यानें पुसावी. वरील प्लास्टिक धुरकट झालें असेल तर थोड्या टूथपेस्टनें हलक्या हातानें घासावें. बरीचशी धुंदी जाते. मग सेल काढून स्प्रिंग व पत्रा पाहावा. गंज असल्यास लिंबाच्या रसानें किंवा बारीक पॉलिशकागदानें तो काढून जागा पूर्ण कोरडी करावी.

एवढ्यानें न भागल्यास दिवसभर कडक उन्हांत ठेवलेला सेल मल्टिमीटरनें मोजावा. १.२ च्या आसपास आंकडा आला तर ठीक. १ व्होल्टच्याहि खालीं असेल तर तो संपला असें समजावें. नवा सेल त्याच जातीचा, त्याच आकाराचा व जवळजवळ तितक्याच क्षमतेचा घ्यावा. फार मोठ्या क्षमतेचा घेतल्यास लहान पट्टी तो भरूं शकत नाहीं. साधा, न भरतां येणारा सेल त्यांत कधींहि ठेवूं नये. तो भरला जाऊं लागला कीं गळतो, प्रसंगीं फुटतोहि. नव्या सेलनेंहि दिवा न लागला तर तारा पाहाव्या व तुटलेली तार कथिलाचा डाग देऊन जोडावी. उन्हांत पट्टीच्या दोन टोकांशीं साधारण २ व्होल्ट मिळाले तर पट्टी सुदृढ आहे. मग संशय पाटीवर. शेवटीं पेटीच्या सांध्यास सिलिकोन लावून पाण्याची वाट बंद करावी. जुना सेल कचऱ्यांत टाकूं नये. टाकाऊ बॅटऱ्यांसंबंधीं भारत सरकारनें २०२२ सालीं नियम केले आहेत, व त्या संकलनकेंद्रांत देणें हेंच इष्ट.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, दिवा स्वस्त, वेळ महाग. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. कांहीं दिवे असे चिकटवून बंद केलेले असतात कीं, ते फोडल्यावांचून उघडत नाहींत, आणि तो दोष विकत घेणाराचा नव्हे, बनविणाराचा होय. परंतु ही विद्या फार कठीण आहे, हें म्हणणें मात्र टिकत नाहीं. राजस्थानांतील तिलोनिया येथें, १९७२ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत, ज्यांनीं कधीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें अशा खेड्यांतील स्त्रिया सौर दिवे जोडावयास व दुरुस्त करावयास शिकल्या. पुढें आफ्रिकेंतील स्त्रियाहि तेथें येऊन, सुमारें सहा महिने राहून, तें शिकून गेल्या. पवई येथील आय. आय. टी. नें विद्यार्थ्यांसाठीं सौर दिवे पसरविण्याचा जो उपक्रम केला, त्यांतहि दिवे जोडणें व दुरुस्त करणें हें काम गांवच्याच माणसांकडे सोंपविलें होतें. दिवा दिल्यानें उजेड एक-दोन वर्षें टिकतो. दिव्याची विद्या दिल्यानें तो पुढें चालतो, हें ह्या दोन्ही ठिकाणीं ओळखलें गेलें.

आमच्या चार दिव्यांचा निकाल सांगून लेख पुरा करितों. दोन नव्या सेलनें लागले. एक नुसता गंज काढतांच लागला. चौथ्याच्या पाटींत पाणी शिरून ती कुजली होती, तो गेला. त्याची सौर पट्टी मात्र अजून चांगली आहे व ती जपून ठेवली आहे. आतां पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि दिवाळीच्या साफसफाईंत एकदां, असे वर्षांतून दोन वेळ हे दिवे उघडून पुसण्याचा परिपाठ आम्हीं घातला आहे. त्यास पाऊण तास लागतो. कंदिलाच्या कांचेस आपल्या वाडवडिलांनीं ह्याहून पुष्कळ अधिक वेळ दिला होता.