निगा राखली तर यंत्र टिकतं : एका जुन्या गाडीची अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या कार्यक्रमात परदेशी मोटारगाडीचं काय काम? आमच्या गटांमध्ये शिलाई मशीन आहे, मिरची कांडप यंत्र आहे, शेवयांचं मशीन आहे, पिठाची गिरणी आहे. पण कोणतंही यंत्र विकत घेणं सोपं आणि ते वीस वर्षं चालतं ठेवणं अवघड, हे आपल्याला जितकं ठाऊक आहे तितकंच ते जगभरच्या हौशी लोकांनाही ठाऊक आहे. त्यातल्याच एका गाडीचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरतं छप्पर असलेली छोटी गाडी. पुढे दोघांनी ऐसपैस बसायचं, मागे नावापुरती जागा. तिला वेग आणि ऐट जास्त, म्हणून स्पोर्ट्स कूपे. अशी जुनी गाडी घरी ठेवायची, सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून तिची डागडुजी करायची, हा युरोप-अमेरिकेत हजारो लोकांचा छंद आहे. कुणी बाग करतं, कुणी विणकाम करतं, तसंच हे.

आमची आजची गाडी स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची पी-1800. ही कंपनी मजबूत, साध्या, घरगुती गाड्यांसाठी प्रसिद्ध. 1950 च्या दशकात तिनं एक उघडी स्पोर्ट्स गाडी काढून पाहिली होती, पण सत्तरसुद्धा विकायच्या आत ती बंद करावी लागली. मग 1957 मध्ये कंपनीचे सल्लागार हेल्मर पेटरसन यांनी बंदिस्त छपराच्या नव्या गाडीचा आग्रह धरला. कंपनीचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांना गाडीचं रूप इटालियन कारागिराच्या हातचं हवं होतं. इटलीतून काही चित्रं आली आणि त्यांतलं एक सगळ्यांना आवडलं. ते निघालं हेल्मर यांच्याच मुलाचं! पेले पेटरसन तेव्हा पंचविशीतला, इटलीत काम शिकत होता. प्रमुखांना राग आला आणि पुढे कित्येक वर्षं त्या रूपाचं श्रेय इटालियन कारखानदार पिएत्रो फ्रुआ यांच्या नावावर राहिलं. पेले पेटरसन यांना कंपनीनं अधिकृत मान दिला तो 2009 मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानं. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्या बायकांना नवी नाही. मात्र पेले गप्प बसले नाहीत. ते शिडाच्या बोटी बनवू आणि चालवू लागले, आणि 1964 च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी नौकानयनात कांस्यपदक मिळवलं.

गाडी लोकांसमोर आली 1960 च्या जानेवारीत, ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात. पण ती बनवायची कुठे? व्होल्वोच्या कारखान्यात जागा नव्हती. जर्मनीतल्या एका कारखान्याशी बोलणी झाली, तर त्या कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या फोक्सवॅगननं हरकत घेतली. शेवटी पत्र्याचा सांगाडा स्कॉटलंडमध्ये आणि जोडणी इंग्लंडमध्ये जेन्सन कंपनीकडे, असं ठरलं. 1961 मध्ये गाड्या निघू लागल्या. पण जोडणीच्या आणि रंगकामाच्या तक्रारी येत राहिल्या. ठरलेल्या दहा हजार गाड्यांपैकी सहा हजार झाल्यावर 1963 मध्ये व्होल्वोनं काम स्वीडनला, आपल्या घरी आणलं. काम बाहेर दिलं तरी त्यावर देखरेख आपलीच लागते, हा धडा त्यांना महागात मिळाला.

त्याच सुमारास गाडीचं नशीब मात्र उघडलं. 1962 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर 'द सेंट' ही मालिका सुरू झाली. नायक रॉजर मूर. त्याच्यासाठी आधी जॅग्वार कंपनीकडे गाडी मागितली होती, ती मिळाली नाही. व्होल्वोनं दिली. पांढरी पी-1800 घरोघरच्या पडद्यावर पोचली. पुढे 1973 पर्यंत या गाड्या बनत राहिल्या. सगळ्या मिळून साधारण 47 हजार. आज मुंबईच्या रस्त्यावर एका दिवसात याहून कितीतरी जास्त गाड्या दिसतात. म्हणजे ही गाडी मुळात थोडी. तरीही साठ वर्षांनंतर तिच्यातल्या बऱ्याच अजून रस्त्यावर धावतात. का?

याचं पहिलं कारण तिच्या पोटात आहे. रूप ऐटबाज, पण इंजिन, गिअर, ब्रेक हे बरंचसं सामान व्होल्वोच्या साध्या घरगुती गाडीशी मिळतंजुळतं होतं. इंजिन 1.8 लिटरचं, चार सिलिंडरचं, आणि आतला मुख्य दांडा पाच बेअरिंगांवर फिरणारा. त्या काळात पुष्कळ चार सिलिंडरच्या इंजिनांत तीनच बेअरिंग असत. आधार जास्त, म्हणून झीज कमी. आणि घरगुती गाड्या लाखोंनी विकल्या गेल्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात. अडचण होते ती रूपाच्या सामानाची. बाहेरचा पत्रा, चकचकीत पट्ट्या, आतली सजावट हे फक्त याच गाडीचं, म्हणून दुर्मिळ आणि महाग. मैत्रिणींनो, मशीन घेताना दुकानदार रंग आणि दिवे दाखवतो. आपण विचारायचं ते एवढंच, याचा पट्टा, बेअरिंग, सुई तालुक्याच्या गावी मिळेल का?

दुसरं कारण माणसं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव आयर्व्ह गॉर्डन. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विज्ञान शिकवणारे शिक्षक. 1966 च्या जूनअखेर त्यांनी लाल रंगाची पी-1800 घेतली. किंमत 4,150 डॉलर, म्हणजे जवळजवळ त्यांचा वर्षाचा पगार. शुक्रवारी गाडी घेतली आणि सोमवारी पहिल्या सर्व्हिसिंगला परत आणली, कारण शनिवार-रविवारच्या फेरफटक्यात 1,500 मैल पुरे झाले होते! त्यांची शाळा दूर होती, रोजचं जाणं-येणं 125 मैल, म्हणजे आपले 200 किलोमीटर. दहा वर्षांत पाच लाख मैल झाले. 1987 मध्ये दहा लाख. 1998 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. 2002 मध्ये वीस लाख. आणि 2013 च्या सप्टेंबरमध्ये, अलास्कामध्ये, तीस लाख मैल. किलोमीटरमध्ये सांगायचं तर अठ्ठेचाळीस लाख. पृथ्वीला एक फेरी मारायची तर चाळीस हजार किलोमीटर होतात. गुरुजींनी अशा एकशेवीस फेऱ्यांइतकं अंतर एकाच गाडीत कापलं. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते चीनच्या प्रवासात होते.

हे कसं जमलं? त्यात जादू काही नव्हती. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी वाचलं आणि त्यात लिहिलं होतं तसं केलं. साधारण दर 3,000 मैलांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या आत-बाहेर, तेल बदललं. सुटे भाग अस्सल वापरले. गाडी धुतली, पुसली. नवा आवाज आला की त्याच वेळी बॉनेट उघडलं. गाडीला वेगवान करण्यासाठी काही वेगळं बसवायच्या भानगडीत पडले नाहीत. इंजिन पहिल्यांदा पूर्ण खोलावं लागलं ते जवळजवळ सात लाख मैलांच्या घरात. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. यंत्राचं उलट असतं. त्याचं दुखणं मुंगीच्या पावलानं येतं, फक्त आपलं लक्ष हवं.

आता या गाड्या सांभाळणारे लोक नेमकं काय करतात, ते थोडं सांगतो. कारण बहुतेक गोष्टी आपल्या यंत्रांनाही लागू आहेत.

तेल हे यंत्राचं रक्त. त्याचं काम घासणाऱ्या दोन लोखंडांमध्ये पातळ पडदा धरणं. वापरानं तेल काळं होतं, त्यात धातूचा बारीक चुरा आणि काजळी मिसळते. मग तेच तेल पॉलिश पेपरसारखं घासू लागतं. म्हणून नुसतं वरून ओतून भागत नाही, जुनं काढून टाकावं लागतं.

दुसरा शत्रू गंज. व्होल्वोच्या या गाडीचं इंजिन अमर, पण पत्रा मर्त्य, असंच म्हणावं लागतं. दाराखालच्या पोकळ पट्टीत आणि चाकांवरच्या कमानीत पाणी आणि चिखल साचतो. पत्रा आतून कुजतो आणि वरून रंग छान दिसत राहतो. फोड दिसला तेव्हा आत भोक पडलेलं असतं. त्यामुळे जाणकार लोक जुनी गाडी घेताना आधी खाली वाकून तळ बघतात, मग इंजिन.

तिसरं रबर. पाण्याचे पाइप, पट्टे, ब्रेकमधल्या वॉशर. रबर वापरानं झिजतं तसं नुसत्या वयानंही कडक होतं, तडकतं. पाच रुपयांची रबरी वस्तू फुटली की इंजिन तापून हजारोंचं नुकसान.

आणि चौथी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. गाडी उभी ठेवल्यानं टिकत नाही, उलट बिघडते. बॅटरी उतरते. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट थर धरतं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि आतून गंज चढतो. गॉर्डन गुरुजींची गाडी टिकली याचं एक कारण ती रोज चालली हेच आहे. शोभेसाठी झाकून ठेवलेल्या गाड्यांनी इतकं आयुष्य पाहिलं नाही.

या छंदात सगळेच मेकॅनिक नसतात. शिक्षक असतात, नर्स असतात, निवृत्त कारकून असतात. त्यांचे क्लब आहेत. एकाकडे एखादं खास अवजार असतं, ते सगळे वापरतात. एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला की दहा-वीस जण पैसे गोळा करून तो नव्यानं बनवून घेतात. कुणी काय शिकलं ते लिहून ठेवतं. मैत्रिणींनो, याला आपण काय म्हणतो? गटच ना!

कुणी म्हणेल, पण हे पुरुषांचं काम. इतिहास तसं सांगत नाही. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ या बाईनं नवऱ्यानं बनवलेली मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर प्रवास केला. मोटारीनं केलेला तो पहिला लांबचा प्रवास मानतात. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोजे बांधायची पट्टी गुंडाळली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. 1909 मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट यांनी बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहिलं. मागचं दिसावं म्हणून हातआरसा जवळ ठेवा, असा सल्ला त्यात आहे. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1945 मध्ये, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, पुढची राणी, लष्करी गाड्यांची दुरुस्ती शिकली. राजकन्येचे हात काळे झाले तर आपल्याला कसली लाज?

आता आपल्याकडे वळतो. कर्ज काढून घेतलेलं मशीन बंद पडतं, पण हप्ता बंद पडत नाही. हे आम्ही एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे. कांडप यंत्राची जाळी फाटली, पट्टा तुटला, मोटर जळाली, आणि शहरातून कारागीर यायला पंधरा दिवस. तो हंगाम गेला, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. घरचे म्हणतात, सांगितलं होतं ना, बायकांना यंत्र झेपत नाही. खरं कारण वेगळं असतं. प्रस्तावात मशीनची किंमत लिहिलेली असते, शेडची लिहिलेली असते, देखभालीसाठी मात्र एक रुपयाही धरलेला नसतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. प्रत्येक यंत्राची एक वही करा. तेल कधी घातलं, पट्टा कधी बदलला, कोणता आवाज कधी आला, सगळं तारखेसह लिहा. महिन्याच्या बैठकीत बचतीबरोबर ती वहीही वाचा. यंत्राच्या कमाईतून थोडी रक्कम दुरुस्ती निधी म्हणून बाजूला टाका, तिला इतर कामासाठी हात लावू नका. गटातल्या दोघींनी तरी मशीन खोलून, साफ करून पुन्हा जोडायला शिका. दोघी अशासाठी, की एक माहेरी गेली तर काम अडू नये. वीज बंद करूनच हात घाला, आणि मोटरच्या आतलं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक, जे आपण पिशवीसकट माळ्यावर टाकतो, ते खाली काढा. इंग्रजीत असेल तर गावातल्या कॉलेजच्या मुलीकडून वाचून घ्या.

गॉर्डन गुरुजींचा पगार शिक्षकाचा होता. वेळच्या वेळी तेल बदलायचं आणि नवा आवाज दुर्लक्षित करायचा नाही, एवढी शिस्त त्यांनी पन्नास वर्षं पाळली. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण पैशाबद्दल रोज म्हणतो. तेलाच्या थेंबालाही ते तितकंच लागू आहे.

पुढच्या वेळी शिलाई मशीनची टाइमिंग कशी बसवायची, यावर बोलू. तोपर्यंत वही तयार ठेवा.