रोजगारातील वयभेद
केवळ वय अधिक झाले या कारणावरून कामगारास कामावर न घेणे, त्याची बढती रोखणे किंवा त्यास मुदतीपूर्वी सेवेतून दूर करणे, यास रोजगारातील वयभेद म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६७ च्या अधिनियमाने ४० व त्याहून अधिक वयाच्या कामगारांना यापासून संरक्षण दिले. भारतीय संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरविला. त्यात वयाचा उल्लेख नाही. त्यामुळे भारतात हा प्रश्न निवृत्ती व कामगारकपात यांच्या नियमांआड झाकला गेला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कपातीच्या वेळी सर्वसाधारणतः शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावे, असे तत्त्व घालून दिले. जुन्या कामगारास हा मोठाच आधार होता. मात्र कारखाना चालू असेल तोवरच. मुंबईच्या कापडगिरण्यांत याचा प्रत्यय आला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी हा सह्याद्रीलगतचा, अतिवृष्टीचा तालुका. डोंगरउतारावरील भात-नाचणीच्या तुटपुंज्या शेतीवर भागत नसल्याने येथील अनेक पुरुष गिरणगावात जात. कुटुंब बहुधा गावीच राही. कोवळ्या वयात बदली कामगार म्हणून लागलेल्यास कायम होण्यास वर्षे लागत. पुढे नोकरीची ज्येष्ठता हीच त्याची खरी मिळकत ठरे. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही आणि एक लाखाहून अधिक कामगार कामास मुकले. १९९० नंतर गिरण्या बंद होत असता स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या; यातील ‘स्वेच्छा’ हा शब्द जपूनच वाचावयास हवा. पंचेचाळिशीतील विणकरास दुसरा मालक मिळणे दुरापास्त होते. त्याच जिल्ह्यात इचलकरंजीचे यंत्रमाग चालू होते, पण तेथील मजुरी उत्पादनाच्या मापावर ठरे आणि असे माप तरुण हातांनाच मानवते.

१९७२ च्या अधिनियमान्वये उपदान सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतके असे. १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना संपातच काम गेलेल्यांच्या दृष्टीने उशिरा आली. जी शेती तरुणपणी पुरी पडली नव्हती, तिच्यावरच अनेकांना उतारवय काढावे लागले. गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर पटावर असलेले कामगार पात्र ठरविण्यात आले; पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. तोवर अनेक अर्ज वारसांच्या नावे दाखल झाले होते.