लाल रेशमातील निवेदन

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात तागाचे एक वस्त्र जतन केलेले आहे. त्यावर फूल नाही, पक्षी नाही, साधी वेलबुट्टीही नाही. आहेत ती केवळ लाल रेशमाने फुलीच्या टाक्यात भरलेली अक्षरे, ४६ ओळी. साधारण १८३० साली एलिझाबेथ पार्कर हिने ती भरली.

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, अ‍ॅशबर्नहॅम गावी, एका मजुराच्या घरी ती १८१३ साली जन्मली. कोवळ्या वयातच तिला परक्या घरी चाकरीस जावे लागले. अशा मुलींना फुलीचा टाका येणे आवश्यक असे, कारण धन्याच्या चादरी-रुमालांवर खुणेची अक्षरे त्याच टाक्याने घालावी लागत. शिकाऊ मुली कापडावर मुळाक्षरे आणि बायबलमधील वचने भरून हात बसवीत. चाकरीसाठी शिकलेल्या त्या टाक्यानेच एलिझाबेथने आपली व्यथा मांडली.

एका धन्याच्या पापी हेतूला तिने विरोध केला, तेव्हा त्याने तिला जिन्यावरून खाली लोटले. वस्त्रावर त्याच्या नावाचे आद्याक्षर तेवढे आहे. ती नोकरी सोडून आली, पण घडलेले तिने आपल्या माणसांना सांगितले नाही. पुढे मन ढासळले, जीव देण्याचा मोह तिला छळू लागला. आपणास लिहिता येत नाही, म्हणून विश्वासाच्या माणसाशी बोलावे तसे हे साधेपणाने मांडीत आहे, असे ती आरंभीच सांगते.

आमच्या वाचकांना येथे प्रायश्चित्त संस्कार आठवेल. एलिझाबेथ कॅथलिक नव्हती. शिवाय त्या संस्कारात ऐकणारा समोर असतो, हिच्यासमोर कापड होते. एकेका अक्षरासाठी कितीतरी फुल्या घालाव्या लागतात. उतावीळ मनालाही सुईच्या गतीने चालावे लागते, आणि जे तोंडाने उच्चारवत नाही ते टाक्याटाक्याने उमटते. भरतकामाने मन शांत होते असे हल्ली सर्रास म्हटले जाते. या वस्त्रावर मात्र शांती सहजासहजी सापडत नाही. आपल्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नापाशी मजकूर मध्येच तुटतो. पुढचे कापड कोरे आहे.

तिला सुईनेच वाचविले असे आम्ही म्हणणार नाही. एका डॉक्टरांपाशी तिने मन मोकळे केल्याचा उल्लेख त्याच वस्त्रावर आहे. ती जगली, गावच्या शाळेत शिक्षिका झाली, बहिणीची मुलगी तिने वाढविली. १८८९ साली ती मरण पावली, तेव्हा तिचे वय ७६ होते.