देहूची कथा आणि प्रभातची पटकथा : पटकथालेखनाच्या मराठी परंपरेतील एक प्रकरण

मराठी चित्रपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या, नटांच्या आणि चित्रसंस्थांच्या नावांनी सांगितला जातो. ज्या कागदावर चित्रपट प्रथम उभा राहतो त्या कागदाचा, म्हणजे पटकथेचा, आणि ती लिहिणाराचा विचार अभावानेच केला जातो. नाटकाची संहिता छापली जाते, तिच्या आवृत्त्या निघतात, तीवर टीकालेख लिहिले जातात. पटकथेचे बाड मात्र चित्रीकरण संपले की अडगळीत पडते. यामुळे दुहेरी हानी झाली आहे. वाङ्मयाचा अभ्यासक एका लेखनप्रकारास मुकला आहे, आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणास आपल्याच भाषेतील पूर्वसूरींचा धडा उपलब्ध राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात एका पटकथेचा आधार घेऊन त्या धड्याची काही कलमे मांडण्याचा विचार आहे.

त्यासाठी निवडलेली पटकथा म्हणजे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाची. दिग्दर्शन विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, नवी गीते शांताराम आठवले यांची आणि लेखन शिवराम वाशीकर यांचे. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. तुकारामाची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचे नाव घरोघर पोचले. वाशीकरांचे नाव मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही.

या निवडीस स्थळाचेही एक कारण आहे. तुकारामाचे देहू, त्याच्या चिंतनाचा भंडारा डोंगर आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर ही सर्व ठिकाणे आज पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात किंवा त्याच्या वेशीवर आहेत. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती आकुर्डीस मुक्काम करून पुण्यास येते, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतूनच तिचा मार्ग जातो. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभातच्या मंडळींना ही कथा शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही. ती त्यांच्या शिवेवर होती. प्रश्न होता तो तिला पडद्याचा आकार देण्याचा.

वाशीकरांपुढे साधन कोणते होते? तुकारामाचे चरित्र लोकांच्या मनात रुजले ते मुख्यतः महीपतीमुळे. ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून त्याने संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या आणि कीर्तनकारांनी त्या गावोगाव नेल्या. परंतु ओवीबद्ध चरित्राची घडण आणि पटकथेची घडण यांत मूलतः भेद आहे. चरित्रकार एकामागून एक प्रसंग ओवतो. प्रत्येक प्रसंग स्वतःपुरता पूर्ण असतो आणि श्रोता पुढच्या प्रसंगाची वाट दुसऱ्या दिवसापर्यंतही पाहतो. चित्रपटाचा प्रेक्षक दोन-अडीच तास एका जागी बसलेला असतो. त्याला एका प्रसंगातून दुसरा निर्माण झालेला दिसावा लागतो. यास्तव पटकथाकाराचे पहिले काम निवडीचे आहे, आणि निवडीचे म्हणजेच त्यागाचे.

वाशीकरांनी केलेली पहिली निवड विरोधकाविषयीची आहे. परंपरेत तुकारामाला छळणारे अनेक आहेत. मंबाजी गोसावी त्याला काटेरी फांदीने मारतो, सालोमालो त्याच्या अभंगांत आपले नाव घालून ते स्वतःचे म्हणून मिरवतो, आणि वाघोलीचे रामेश्वरभट्ट त्याच्या कवित्वाच्या अधिकारावर आक्षेप घेतात. पटकथेत मंबाजीचा मत्सर आणि सालोमालोचे वाङ्मयचौर्य एका पात्रात एकवटले आहे, आणि रामेश्वरशास्त्री हे शास्त्राधिकाराचे वेगळे पात्र म्हणून राखले आहे. विखुरलेला छळ अशा रीतीने एका माणसाच्या मनात आला, आणि त्या माणसाला प्रत्येक दृश्यात काहीतरी हवे असू लागले. ज्याला काही हवे आहे असे पात्र कथा पुढे नेते, हा पटकथेचा मूलभूत नियम येथे उदाहरणासह दिसतो.

दुसरी निवड आरंभाची. चित्रपट तुकारामाच्या जन्मापासून सुरू होत नाही. आधी तुकारामाचे तल्लीन भजन दिसते, आणि नंतर तेच पद सालोमालो देवळात ताना घेऊन आपले म्हणून गातो. एकही स्पष्टीकरणाचे वाक्य न बोलता प्रेक्षकास दोन माणसे, त्यांच्यातील वैर आणि वैराचे कारण कळते. पद तेच, पण एकाच्या गळ्यात ते निवेदन आहे तर दुसऱ्याच्या गळ्यात प्रदर्शन. जे दाखवता येते ते सांगू नये, हे तत्त्व नवोदित लेखकांना पुनःपुन्हा ऐकवले जाते. त्याचा अर्थ ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने ही पहिली काही मिनिटे लक्षपूर्वक पाहावी.

तिसरी आणि सर्वांत मोलाची निवड आवलीची. गौरी या नटीने उभी केलेली तुकारामाची ही पत्नी कीर्तनपरंपरेतील नुसती कजाग बायको राहिलेली नाही. घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलात रमलेला, अशा स्थितीत ती जे बोलते ते बिनतोड आहे. मुलाच्या आजारपणाने संतापून ती हाती पायताण घेऊन देवाला जाब विचारण्यासाठी देवळात शिरते, तेव्हा प्रेक्षक तिला हसत नाही, किंवा हसता हसता थबकतो. पटकथाकाराने तुकारामाच्या वैराग्याची बाजू सोपी केली नाही. त्या वैराग्याची किंमत कोण मोजते हे त्याने आवलीच्या तोंडून सांगितले. चित्रपटाच्या अखेरीस नवरा वैकुंठाला निघतो तेव्हाही तिचे मन चुलीत आणि मुलांत गुंतलेले आहे. संतपट पुष्कळ झाले, तरी त्यांतील थोडेच टिकले. हा टिकला याचे एक प्रमुख कारण आवली होय असे माझे मत आहे. नायकाशी असहमत असणाऱ्या पात्राला लेखकाने आपला सर्वोत्तम युक्तिवाद दिला पाहिजे, हा यातून निघणारा बोध.

आता एका विलक्षण योगायोगाकडे वळू. या चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न लेखनाच्या मालकीचा आहे. सालोमालो शब्द चोरतो, शास्त्री ते बुडवावयास लावतो, आणि तुकाराम इंद्रायणीच्या काठी तेरा दिवस आपल्या वह्यांसाठी बसतो. याच चित्रपटासाठी आठवल्यांनी लिहिलेले एक पद इतके तुकारामाच्या वळणाचे उतरले की पुष्कळांना ते गाथेतीलच वाटले, आणि तो समज दीर्घकाळ टिकून राहिला. कवीच्या कौशल्याला याहून मोठी पावती कोणती? परंतु या पावतीवर कवीचे नाव नव्हते. शब्द चोरणाऱ्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या लेखकांची नावेच लोकस्मृतीतून निसटावीत, यातील विसंगती केवळ गमतीची म्हणून सोडून देता येत नाही.

प्रभातच्या काळात लेखक कंपनीचा पगारी माणूस असे. या व्यवस्थेत नावाची आणि हक्काची उपेक्षा होई हे खरे, तथापि तीत एक सोयही होती. लेखक कारखान्यातच वावरत असल्यामुळे संकलन, ध्वनी, नेपथ्य यांची भाषा त्याच्या अंगवळणी पडे. वाशीकरांनी पुढे ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०), ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) हे चित्रपट लिहिले. एका घरात राहून केलेल्या अशा सलग लेखनाने जी कारागिरी येते ती सुट्या कामांतून येणे कठीण. १९५३ साली प्रभात बंद पडली आणि ही व्यवस्थाही मागे पडली. त्याच आवारात १९६० साली केंद्र सरकारची चित्रपटशिक्षणसंस्था सुरू झाली. कारखान्यात उमेदवारीने मिळणारी विद्या वर्गात शिकवली जाऊ लागली.

पटकथाकार कोणत्या वाटेने घडले हेही पाहण्याजोगे आहे. ना. ह. आपटे कादंबरीकार होते. ‘कुंकू’ (१९३७) त्यांच्याच कादंबरीवरून झाला. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे वाङ्मयात नाव मिळवून चित्रपटाकडे आले. ग. दि. माडगूळकर किरकोळ भूमिका आणि गीते करीत ‘रामजोशी’ (१९४७) पर्यंत पोचले. विजय तेंडुलकर वृत्तपत्र व रंगभूमी यांतून आले, आणि ‘मंथन’ (१९७६) च्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांतील कोणीही केवळ पटकथेवर विसंबून आरंभ केला नाही. प्रत्येकाजवळ आधी दुसरे एखादे लेखन होते आणि चरितार्थाचे साधन होते. आजच्या उमेदवारास इतिहासाने द्यावयाचा व्यावहारिक सल्ला हाच की उपजीविकेची वाट चटकन सोडू नये, आणि पडद्याबाहेरही लिहीत राहावे.

हक्कांच्या बाबतीत मात्र आजचा लेखक वाशीकरांहून बऱ्या स्थितीत आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या लेखकास मानधनाखेरीज स्वामित्वधनाचा हक्क दिला, आणि तो करारानेही सहजासहजी काढून घेता येऊ नये अशी तजवीज केली. मुंबईतील पटकथालेखकांची संघटना सभासदांच्या संहितांची नोंदणी करते. कथा कोणास ऐकविण्यापूर्वी ती पूर्ण लिहून नोंदवावी आणि करार वाचल्यावाचून सही करू नये, ही दोन पथ्ये पाळणे अवघड नाही. सालोमालो प्रत्येक काळात असतो. तुकारामाला नदीवर विश्वास टाकावा लागला, आजच्या लेखकास निदान नोंदवहीचा आधार आहे.

शेवटी विषयाबद्दल. याच पट्ट्यातील चिंचवडचे चापेकर बंधू नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटाचा विषय झाले. तेथे साधन ओवीबद्ध आख्यानाचे नव्हते. प्लेगचा काळ, खटल्याचे कागद आणि दामोदर चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मकथन असा दस्तऐवज पुढे होता. तुकारामाच्याच चरित्राकडे अजित व प्रशांत दळवी यांनी ‘तुकाराम’ (२०१२) मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा सावकारी, दुष्काळ आणि घरची माणसे यांना त्यांनी अधिक जागा दिली. एकच कथा दोन काळांत दोन प्रश्न विचारते, याचे हे उत्तम उदाहरण.

तथापि १९५४ मध्ये पिंपरीस प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिल्यापासून या भूमीवर जे घडत आले, म्हणजे शेत गेले, पाळी आली, परगावची माणसे आली, कंत्राटाची नोकरी आली, त्याला मराठी पटकथेत त्याच्या तोलाचे स्थान मिळाले आहे असे म्हणवत नाही. पाळी संपवून रात्री लिहावयास बसणारा या पट्ट्यातील एखादा तरुण विषयाच्या शोधात मुंबईकडे पाहत असेल, तर त्याने वाशीकरांचे स्मरण करावे. त्यांना शिवेवरची कथा दिसली. आणि तिच्यातील चुलीपाशी बसलेल्या, देवाशी भांडणाऱ्या बाईचे म्हणणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.