हाराजुकूच्या उतारावरून खामगाव

टोकियोतली यामानोते लाइनची गाडी हाराजुकूला थांबते. ताकेशिता नावाच्या दरवाजातून बाहेर पड, रस्ता ओलांड आणि कमानीखाली उभा रहा. समोरची गल्ली जेमतेम 350 मीटरची. खामगावात एवढं अंतर तू दुचाकीवर बोलता बोलता कापतोस, इथे मात्र गर्दी पाऊल टाकू देत नाही. आजच्या दिवशी या उतारात एक खोड आहे: खाली जाशील तशी वर्षं मागे सरतील. मोबाइल खिशात ठेव, पुढे तो चालणार नाही.

पहिली काही पावलं आजचीच. डोक्याएवढे सप्तरंगी बुढ्ढी के बाल हातात धरून पोरी फोटो काढतायत. साय आणि स्ट्रॉबेरी कोंबलेल्या क्रेपच्या दुकानासमोर रांग. लेसची झालर, फुगीर घागरा आणि छत्री घेतलेली एक बाहुलीसारखी मुलगी शांतपणे तुझ्या बाजूने जाते आणि कोणी वळूनही पाहत नाही. तू मात्र पाहतोस. बघ, पण टक लावू नकोस.

दुकानांच्या पाट्या बदलल्या, म्हणजे 1997 लागलं. शोइची आओकी नावाचा छायाचित्रकार याच वर्षी ‘फ्रूट्स’ मासिक काढतो. जाहिरातीतली मॉडेल्स नाहीत, रस्त्यावरची खरीखुरी पोरं. एका मुलीच्या केसांत इतक्या क्लिपा की केस दिसत नाहीत. एकाने आजोबांचा वाटावा असा किमोनो फाटक्या जीन्सवर चढवलाय. पुढे वीस वर्षांनी आओकी हे मासिक बंद करेल. फोटो काढावा अशी पोरंच आता रस्त्यावर दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं असेल. मला यात थोडा म्हाताऱ्याचा सूर ऐकू येतो, पण माणसाने वीस वर्षं रस्त्यावर उभं राहून काढली आहेत, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे.

अजून खाली. 1980, रविवार. इथे घाई करू नकोस.

‘ताकेनोको’ नावाचं बुटीक दोन वर्षांपूर्वी या गल्लीत उघडलंय. आत जांभळे, गुलाबी, पोपटी, चमकणारे कपडे लटकतायत: ढगळ बाह्या, घोट्याशी आवळलेल्या फुगीर विजारी. आत शिरणारी पोरं शाळेतली आहेत, काही तर मिशीही न फुटलेली. कपडे घेऊन ती स्टेशनच्या पलीकडे, योयोगी पार्कच्या बाजूला जातात. तिथला रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो. मधोमध मोठा टेपरेकॉर्डर, भोवती रिंगण, सगळ्यांचे हात एकदम वर, सगळे पाय एकदम डावीकडे. या टोळ्यांचं नावच त्या दुकानावरून पडलं, ताकेनोको-झोकू. बाजूला उभे असलेले कोट-टाय घातलेले बाप कपाळाला आठ्या घालतात. आठवडाभर शाळेचा गणवेश, पुढे जन्मभर कंपनीचा सूट, आणि मधले हे काही तास पोपटी. त्याच सुमारास तुझ्या बुलढाणा जिल्ह्यातही सिनेमा पाहून आलेली पोरं शिंप्याला बेलबॉटमचा घेर सांगत होती आणि त्यांचे बापही अशाच आठ्या घालत होते.

एक सांगून ठेवतो. या चमकत्या कापडात वऱ्हाडच्या कापसाचा धागा शोधू नकोस, इथे कृत्रिम धाग्याचाच जोर आहे. तो धागा हवा असेल तर आणखी खाली ये.

1964 ला ऑलिंपिकचा गाव पलीकडे वसलाय. त्याच जागेवर त्याआधी अमेरिकी लष्करी कुटुंबांची वसाहत होती, वॉशिंग्टन हाइट्स. ही गल्ली तेव्हा साध्या घरांची, वाळत घातलेल्या कपड्यांची. 1945 मधून श्वास रोखून पळ. आगबाँबनी हा भाग जाळून काढलाय, शेजारच्या मेजी देवळाचा मुख्य गाभाराही राहिला नाही.

उतार संपतो. कोपऱ्यावर वळ.

पायाखाली फुफाटा, नाकात सरकीचा वास. खामगाव, 1934, फेब्रुवारी. कापसाच्या बंड्या एकामागे एक लागल्यात, बैल रवंथ करतायत, जिनिंगचा भोंगा वाजतोय. जलंबपासूनचा रेल्वेचा फाटा 1870 मध्ये आला तो याच कापसासाठी. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला अमरावतीवरून ‘उमरा’ म्हणत. पण आखूड धाग्याच्या या रुईचं मोठं गिऱ्हाईक नंतर झालं ते जपान. 1893 मध्ये टाटांनी एका जपानी जहाज कंपनीशी मिळून मुंबई ते कोबे असा मार्ग सुरू केला. ओसाकाच्या गिरण्यांनी ही रुई अमेरिकेच्या लांब धाग्यात मिसळून सूत काढायची हातोटी साधली. रॅली, फोल्कार्ट या युरोपीय कंपन्यांच्या जोडीला तोयो मेंका, गोशो अशा जपानी कंपन्याही वऱ्हाडातला कापूस घेऊ लागल्या.

आणि मग त्याच रुईचं कापड इथे परत येऊ लागलं, देशी गिरण्यांच्या कापडाहून स्वस्त. मुंबईचे गिरणीवाले ओरडले. सरकारने गेल्या वर्षी परदेशी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, ब्रिटिश कापड तेवढं वगळून. जपानी गिरण्यांनी उलट आपला कापूस घेणंच थांबवलं. 1929 च्या मंदीने भाव आधीच कोसळलेले, त्यात हे. सिमला-दिल्लीत महिनोन् महिने घासाघीस होऊन आत्ता जानेवारीत तड लागली: जपानने वर्षाला 10 लाख गाठी घ्यायच्या, तर त्यांना 32 कोटी 50 लाख वार कापड इथे विकता येईल. गाठी वाढल्या तर कापड वाढेल, कमाल 40 कोटी वार.

अडत्याच्या दुकानात चल. गादीवर धोतर-टोपीतला अडत्या बसलाय, चेहरा आज जरा खुललेला. दारात त्याचा पोरगा, तुझ्याच वयाचा, अंगात जाडीभरडी खादी, उन्हात टोचत असणार. शेजारच्या कापडदुकानात खोट्या रेशमाचं जपानी ठाण उलगडलंय आणि पोरगा त्याकडे पाठ करून उभा आहे. बापाला हे सोंग वाटतं. मला विचारशील तर त्या खादीत आणि योयोगीच्या पोपटी विजारीत फार अंतर नाही. दोन्हीकडे पोरांनी कापडातूनच बापाला उत्तर दिलंय. फरक इतकाच, की खादीवाल्याला त्यापायी तुरुंगही घडू शकतो.

“बावा, जपानचा कपडा आपल्या दुकानापुढं नको,” पोरगा म्हणतो.

“त्यांचा कपडा नको, अन् आपली रुई त्यांनी घ्यावी?” बाप वहीतून मान वर करत नाही. “ह्या बंड्या कोनं घ्यायच्या मंग? गांधीबाबा?”

“घेतील मुंबईवाले.”

“मुंबईवाले!” अडत्या हसतो आणि त्याची नजर तुझ्या टी-शर्टवर, त्यावरच्या जपानी अक्षरांवर खिळते. तू खामगावातच घेतलेला, अर्थ तुलाही ठाऊक नाही. “काबे पोट्ट्या, तू तिकडून आला ना? मंग सांग, ह्या हंगामात जपान किती गाठी घेते?”

पोरगाही आता वळून तुझ्याकडेच पाहतोय, टी-शर्टचं कापड चिमटीत धरून.