शर्यतीच्या गावी मुक्काम

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू या बेटावर पंधरा जण पहाटे समुद्रकाठी जमले. आधी ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन धावायची, असा तो बेत होता. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. पंधरापैकी बारा जणांनी ती शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांहून किंचित जास्त वेळात पहिला आला. आज जगभर ‘आयर्नमॅन’ या नावाने गाजणाऱ्या ट्रायथलॉनचा जन्म हा असा झाला.

मला या हकिकतीत सर्वांत जास्त रस आहे तो स्पर्धकांबरोबर आलेल्या माणसांत. पाणी देणारी, खायला देणारी माणसे प्रत्येकाने आपली आपणच आणायची होती. कुणाचे मित्र होते, कुणाच्या घरची मंडळी होती. दुसरा आलेल्या जॉन डनबरच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, ही गोष्ट तर अजून चवीने सांगतात. म्हणजे सोबतची माणसे शर्यतीच्या आतच होती. १९८१ साली आयोजक व्हॅलरी सिल्क यांनी होनोलुलूच्या रहदारीला कंटाळून ही स्पर्धा हवाई याच नावाच्या मोठ्या बेटावर, कोना या गावी नेली. आता बहुतेक साऱ्यांनाच प्रवास करून यावे लागणार होते. पुढे पाण्याची सोय आयोजकांकडे गेली आणि घरची माणसे दोरीच्या पलीकडे उभी राहिली. तिथून एक नवा प्रश्न सुरू झाला. ही सगळी मंडळी उतरणार कुठे?

श्रोतेहो, मी धरमपेठेत राहतो आणि माझे आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेले. पोहण्याचा आणि माझा संबंध अंबाझरी तलावाच्या काठावर बसण्यापुरता. पण २०२२ साली हा कोनाचा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. माझ्या सुनेने गोव्याच्या शर्यतीत नाव दिले होते. वर्षभर ती भल्या पहाटे अमरावती रोडने वाडीच्या पुढे सायकल नेत होती, संध्याकाळी फुटाळ्याकडे धावत होती आणि पोहण्याचा सराव तरणतलावात करीत होती. समुद्र मात्र आम्हा नागपूरकरांपासून लांब.

मुलाने मांडवीच्या पलीकडे, कळंगुटच्या बाजूला एक रिसॉर्ट शोधले. नातीसाठी पोहण्याचा हौद, हिरवळ, झोपाळे, सारे काही होते. सुनेला हवी होती शर्यतीच्या जागेपासून पायी जाता येईल अशी एकच खोली. ती म्हणाली, “मी एकटी जाऊन येते, तुम्ही सगळे पुढच्या वेळी या.” यावर आमची सौभाग्यवती जे बोलली ते मी विसरणार नाही. “ती समुद्रात उतरेल तेव्हा मी इथे देवासमोर बसून काय करू? मला काठावर उभं राहू द्या.” तिचे वय तेव्हा एकाहत्तर होते.

इतिहासाच्या माणसाला अशा वेळी जुने आठवते. आपल्याकडे मुक्कामाची निवड हा प्रकार बराच अलीकडचा आहे. तीर्थाला जाणाऱ्या कुटुंबाने कुठे उतरायचे हे आधीच ठरलेले असे. काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर या क्षेत्री ज्या उपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे, त्यांच्याच घरी मुक्काम. पंढरपुरात आपापले मठ. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यामागचा हिशेब साधा होता. स्नानाचे पाणी जवळ पाहिजे, चूल मांडायला जागा पाहिजे आणि बायामाणसांना आडोसा पाहिजे. इंग्रजांनी १८६७ साली सराईंचा कायदा केला. म्हणजे वाटसरूंचा मुक्काम ही सरकारच्याही नोंदीची बाब झाली. त्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली, हा निव्वळ योगायोग. पण रेल्वेमुळे लेकरेबाळे घेऊन लांबचा प्रवास करणे सोपे झाले, हे खरे. त्याच्या दहाच वर्षे आधी वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले, ते काकांबरोबर. कुटुंब घरीच राहिले होते.

पाहुणचाराची बाजू तर आपल्या शहराने चांगलीच अनुभवली आहे. १९२० च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. चौदा हजारांवर प्रतिनिधी आले आणि स्वागताची धुरा जमनालाल बजाज यांच्याकडे होती. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. १९५६ च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माईसाहेब सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. लाखोंचा समुदाय मात्र मिळेल तिथे टेकला. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला खेड्यापाड्यांतून येणारी कुटुंबे पाहा. आजी असते, कडेवर मूल असते, भाकरीचे गाठोडे असते. दीक्षाभूमीच्या आसपासच्या शाळांत त्यांच्या मुक्कामाची सोय केली जाते. तिथे जाणे सगळ्या कुटुंबाचे असते, म्हणून मुक्कामही सगळ्यांना धरून होतो. खेळाच्या शर्यतीत मोठा फरक आहे तो इथे. जाणारा एक आणि बाकीचे सोबत. मग सोय कुणाची पाहायची?

आता गोव्याकडे वळू, कारण या बाबतीत गोव्याचा इतिहास फार बोलका आहे. १५६० साली पोर्तुगीज अमलातल्या कुठ्ठाळीहून मंगेशाचे लिंग नदीपार प्रियोळला नेले गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देवांबरोबर माणसेही पांगली, कुणी कारवारकडे, कुणी मुंबईला. ती कुलदैवताच्या दर्शनाला, जत्रेला परत येत राहिली. त्यांना उतरण्यासाठी देवळांच्या आवारात अग्रशाळा झाल्या. ओळीने खोल्या, मध्ये अंगण, जवळच तळी. दुसरे उदाहरण पणजीचे. मांडवीच्या काठावरचे ‘हॉटेल मांडवी’ १९५२ साली उभे राहिले, तेच मुळी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शन सोहळ्यासाठी येणाऱ्यांची सोय म्हणून. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले. त्यांना कळंगुट-हणजूणच्या लोकांनी घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या आणि त्यातूनच पुढे गेस्ट हाऊसचा धंदा फोफावला. म्हणजे गोव्यात एक मुक्काम देवासाठी झाला, एक सोहळ्यासाठी आणि एक निव्वळ समुद्रासाठी. तिन्हींमध्ये उतरणाऱ्याची गरज वेगळी, म्हणून इमारतीची घडणही वेगळी.

गोव्यातली पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. पोहणे १.९ किलोमीटर, सायकल ९० आणि धावणे २१.१. मैलांत बेरीज केली की ७०.३ होते, म्हणून ते नाव. पुढची दोन वर्षे कोरोनाने खाल्ली आणि २०२२ मध्ये शर्यत पुन्हा झाली.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब २०१९ ला जाऊन आले होते. ते नदीपलीकडे उतरले. स्पर्धक गृहस्थ साडेतीन वाजता अंधारात एकटेच पूल ओलांडून गेले. हॉटेलातला नाश्ता साडेसातला सुरू होणार, म्हणून ते उपाशी गेले. बायको-मुले नाश्ता करून निघाली तर शर्यतीसाठी रस्ते अडवलेले. ती पोचली तेव्हा गृहस्थ गळ्यात पदक घालून सावलीत बसले होते. पैसे सगळ्यांचे खर्च झाले आणि कुणी कुणाला पाहिले नाही! हे ऐकल्यावर कळंगुटचा विषय आमच्या घरात आपोआप मिटला.

शेवटी मिरामारपासून पायी दहा-बारा मिनिटांवर एका घराचा तळमजला घेतला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सुनेने फोनवर घरमालकिणीला विचारलेले प्रश्न मला मजेदार वाटले होते. सायकल खोलीत आणू द्याल का? ती जोडायला पुरेशी मोकळी जमीन आहे का? संडास किती? शर्यतीच्या आदल्या रात्री शेजारी लग्नबिग्न तर नाही ना? पण नीट पाहिले तर यात्रेकरूंचेच प्रश्न होते ते. पाणी किती दूर, चूल आहे का, झोप लागेल का. एक जास्तीचा होता. तो मी विचारला, रात्री आठला एक माणूस झोपणार आणि पाच वर्षांचे मूल जागे राहणार, तर त्यांच्यामध्ये दार आहे का? माझ्या मते कुटुंबासाठी जागा पाहताना हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा. हौद आणि झोपाळे त्याच्या बरेच नंतर येतात.

गुरुवारी पोचलो. शुक्रवारी तिने लाटांमध्ये पोहून पाहिले, कारण तरणतलावाचे पाणी उसळत नाही आणि डोळ्यांत खारट जात नाही. शनिवारी सायकल आयोजकांच्या ताब्यात द्यायची असते, तेवढे काम झाले. त्या रात्री दार लावून ती झोपली आणि बाहेरच्या खोलीत नातीला मी दबक्या आवाजात शिवाजी महाराजांच्या आग्र्याच्या गोष्टी सांगितल्या. पहाटे साडेतीनला सौभाग्यवतीने मऊ खिचडी केली. मीठ थोडे जास्त घातले होते, ते सुनेच्या सांगण्यावरून.

अंधारातच आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. हजारभर कोस दुरून आल्यासारखी माझी बायको वाळूत उभी होती आणि टोप्यांच्या गर्दीत आपली टोपी शोधत होती. सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात. पन्नासेक मिनिटांनी सून पाण्याबाहेर आली, आमच्याकडे न पाहता सायकलकडे पळाली. सौभाग्यवती मटकन खाली बसली आणि म्हणाली, “चला, आता सायकलचं मला काही वाटत नाही.”

मग जवळ राहण्याचा खरा उपयोग कळला. ९० किलोमीटरला तीन-चार तास लागणार. आम्ही चालत घरी गेलो, नातीला न्हाऊ-जेवू घातले, तिने एक झोप काढली. मुलगा मात्र रस्त्याच्या कडेलाच थांबला होता. धावण्याच्या वेळी आम्ही परत दोरीजवळ उभे. दुपारच्या उन्हात सून समोरून दोनदा गेली. दुसऱ्यांदा नात “आई, पाणी पी!” असे ओरडली, तेव्हा ती हसली. पाणी आयोजकांचेच होते, पण मला त्या क्षणी १९७८ ची मंडळी आठवली.

सोमवारी सामान आवरून आम्ही सुमारे वीस किलोमीटरवरच्या मंगेशीला गेलो. अग्रशाळेत दोन रात्रींसाठी आधीच विचारून ठेवले होते. शर्यतीपूर्वी तिथे उतरणे गैरसोयीचे ठरले असते, देवळाच्या वेळा वेगळ्या आणि शर्यतीच्या वेगळ्या. नंतर मात्र त्याच्यासारखी जागा नाही. खोक्यात बंद केलेली सायकल भिंतीला टेकवून ठेवली. सून दुपारी जी झोपली ती सांजआरतीच्या घंटेलाही उठली नाही, आणि तिच्या वाटचे ताट सौभाग्यवतीने झाकून ठेवले.